पाच पुरचुंड्यांची पेटी

१

सोनारानं पहिला डाग कसोटीच्या दगडावर घासला, त्यावर थेंबभर तेजाब टाकलं आणि डाग डावीकडे सारला. दुसरा, तिसरा आणि चौथाही डावीकडेच गेला. पाचवी होती एक एकदाणी, एकसरी मण्यांची माळ. ती घासल्यावर मात्र त्यानं मान डोलावली आणि ती उजवीकडे ठेवली.

"ही सोन्याची. बाकीचं पितळ आहे, वर सोन्याचं पाणी दिलंय," तो म्हणाला.

"चारही?" दामाजीशेठनी विचारलं.

"चारही."

ठाण्याच्या बाजारपेठेतल्या त्या पेढीवर आम्ही तिघं होतो. आमच्या बिल्डिंगचे चेअरमन दामाजीशेठ, तिसऱ्या मजल्यावरचा चंदू आणि मी. चंदूनं भिंतीला पाठ टेकली. "शेठ, मग आता माझ्या घराचं काय?" त्यानं विचारलं. शेठनी सोनाराला कसोटीचे किती झाले ते विचारलं.

आमची बिल्डिंग कोलशेतला, खाडीच्या अंगाला, एका रंगाच्या कंपनीच्या भिंतीला लागून. अठ्ठ्याऐंशी साली आम्ही पाच घरं तिथं एकदमच राहायला आलो. पाचही घराण्यांत कर्ज काढून घर घेणारे आम्हीच पहिले. आमच्या बापांनी कर्ज काढलं ते लग्नाला नाहीतर होडीला. घरासाठी पंधरा वर्षं महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायचा, हे ऐकून माझ्या आईनं मला वेड्यात काढलं होतं. हप्ता पगारावर, पगार नोकरीवर, आणि नोकऱ्यांचं ठाण्यात तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला नको. रोज कुठल्या ना कुठल्या गेटाला कुलूप लागत होतं.

मी विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करतो. जळालेलं गोदाम, उलटलेला ट्रक, चोरी झालेलं दुकान. आगीचा विमा निघतो, चोरीचा निघतो, माणूस मेला तर त्याचाही निघतो. नोकरी मेली तर हप्ता भरणारा विमा मात्र मी कुठं पाहिला नाही. मी त्याच धंद्यातला, म्हणून सांगतो.

मग आम्हीच आमचा विमा काढला. कल्पना सुचली ती तळमजल्यावरच्या आवडाबाईच्या बोलण्यावरून. ती खाडीवरच्या कोळ्यांची. एखादा गडी आजारी पडून होडीवर गेला नाही, तरी त्याचा वाटा त्याच्या घरी जातोच, असं ती सांगायची. शेठनी ते उचललं. प्रत्येक घरानं सोन्याचा एक डाग फडक्यात बांधून द्यायचा. पाच पुरचुंड्या एका पत्र्याच्या पेटीत. पेटी आवडाबाईच्या घरी, किल्ली शेठकडे. ज्याची नोकरी जाईल त्याच्यासाठी पाचही डाग गहाण ठेवायचे, त्याचे हप्ते भरायचे, आणि दुसरी नोकरी लागली की त्यानं ते सोडवून आणायचे.

पहिली पाळी माझ्यावरच आली होती. नव्वद साली माझी कंपनी बसली आणि तीन महिने पगार नव्हता. मी कुणाला पेटीला हात लावू दिला नाही. माझं घर राखायला मी समर्थ आहे, असं भर मिटिंगमध्ये सांगितलं. नेमकी माझ्या बायकोला, शेवंतीला, भिशी लागली, हप्ते भरले गेले, आणि पुढं मला दुसरीकडे काम मिळालं. अजूनही कुणी रडायला लागलं की दामाजीशेठ माझा दाखला देतात.

आता चंदूचा प्लांट बंद झाला होता. तीन हप्ते थकले होते आणि कर्ज देणाऱ्या कंपनीची नोटीस दारावर चिकटली होती. म्हणून पेटी पहिल्यांदाच सोनाराकडे आली होती.

डावीकडच्या चारांत आमचा पोहेहारही होता. शेवंतीला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात, तसं सगळं बधिर. हार डावीकडे गेला तेव्हाही मला काही वाटलं नाही. उजवीकडची एकदाणी कुणाची, एवढं मात्र मी ओळखलं.

ती आवडाबाईची होती. आणि पेटीही तिच्याच घरात होती.

२

चंदूची बायको सरस्वती जिन्यातच वाट बघत उभी होती. बातमी ऐकून ती दोन पायऱ्या खाली उतरली.

"चारच्या चार?" ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज चढला. "आणि हिची तेवढी खरी? अहो, शेंबडं पोरसुद्धा सांगेल आता! कुंपणानंच शेत खाल्लं!"

आवडाबाई दारात उभी होती. कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला ती जाते, नवरा कंपनीत कामावर असताना वारला त्याच्या जागी. "मी नाय घेतलं," ती म्हणाली. एकदाच म्हणाली आणि आत गेली. त्या एकदाच म्हणण्यानंच लोकांचा संशय पक्का झाला. आपल्याकडे खरं माणूस छाती पिटतं, अशी लोकांची समजूत आहे.

दामाजीशेठनी निकाल दिला. येत्या रविवारी मिटिंग. तोवर सोनं आलं तर ठीक, नाहीतर आवडाबाईनं घर विकायचं आणि सगळ्यांची भरपाई करायची. पोलिसांत जायचं का, असं मी विचारलं. सगळे एका सुरात नाही म्हणाले. मला ते तेव्हा सोयीचं वाटलं.

"भाऊ, तुमचा तर हा रोजचा धंदा," शेठ म्हणाले. "रविवारपर्यंत बघा काय हाती लागतं ते. नंतर कुणी म्हणायला नको, की म्हातारीवर अन्याय झाला."

त्याच संध्याकाळी मी आवडाबाईकडे गेलो. तिनं मला पाट दिला, स्वतः जमिनीवर बसली.

"पेटी कुठं असते?"

"देवाच्या खाली. रोज तिच्यावर फडका मारते, तवराच माजा हात. कुलपाला कवा हात लावला नाय."

"पुरचुंड्या बाहेर कधी गेल्या?"

पेटीच्या नियमाला एकच सवलत होती. आमच्या आगरी-कोळ्यांत घरच्या हळदीला बाई मोकळ्या गळ्यानं गेली तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणून आपल्या नात्यातल्या हळदीला आपला डाग न्यायचा आणि नंतर आणून ठेवायचा, असं ठरलं होतं. शेठ किल्ली घेऊन खाली यायचे, बाई आपली पुरचुंडी उचलायची. दुसरीच्या पुरचुंडीला कुणी हात लावायचं नाही.

"सगल्याच घेऊन जेल्या," आवडाबाई म्हणाली. "पयली तुमची शेवंती. कोपरीला, भाच्याच्या हलदीला. मग शेठची पोर उजवली तवा शेठीनबाई. मग मालू, तिच्या भावाच्या हलदीला. सरस्वती आत्ता गेल्या मे महिन्यान."

"आणि तुम्ही?"

"मी क्याला नेऊ? धनी जेले तवापासून मी गल्यान काय घातलंच नाय. माजी एकदानी हितून हालली नाय."

"डाग परत आले तेव्हा कुणी तपासले?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, मी काहीतरी अभद्र बोललो असं समजून. "हलदीवरना आलेल्या बाईचा डाग दगडावर घासायचा? तिच्या म्हायेराला शिवी दिल्यावानी व्हईल की."

मी उठलो. दाराशी तिनं विचारलं, "भाऊ, ही लोकां मना घरातना काडतील का वो?"

"बहुतेक."

"तुमाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही, आवडाबाई. हल्ली वाटतच नाही."

"त्ये दिसतं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

३

पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. तेव्हा दुसऱ्या दिवशी मी किल्लीकडे वळलो.

दामाजीशेठ नावाचेच शेठ. जमीन कंपनीला आणि भावकीला गेली, हाती फोरमनची नोकरी राहिली. पण बोलणं अजून सातबाऱ्यावर नाव असल्यासारखं. किल्ली त्यांच्या करगोट्याला बांधलेली असते, ती त्यांनी मला सदरा वर करून दाखवली.

"कधी कुणाच्या हाती दिली?"

"छे." मग ते जरा थांबले. "मात्र एक गोष्ट आहे, भाऊ. मुलीच्या लग्नात ती एक दिवस सापडत नव्हती. मांडवात पडलेली असावी. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात मिळाली."

"हे तुम्ही पेढीवर का नाही बोललात?"

"आठवलं नाही." त्यांनी घाम पुसला. पंखा चालू होता.

मांडवात त्या दिवशी आम्ही सगळेच होतो. गुणाजीही होता. पहिल्या मजल्यावरचा हा गुणाजी फिटर. बिल्डिंगमध्ये कुणाची किल्ली हरवली की आम्ही त्याच्याकडेच जातो. खिळा आणि पक्कड घेऊन तो दोन मिनिटांत कुलूप उघडतो. पेटीचं कुलूप तर त्याच्यापुढं पोरखेळ. शिवाय गेल्या वर्षी त्याच्या घरी फ्रीज आला होता. फ्रीज आला की शेजाऱ्यांची अक्कल चालायला लागते, माझीही चालली.

"फ्रीज हप्त्यावर आहे, भाऊ," गुणाजी चिडून म्हणाला. "कागद दाखवू का? मी पेटी फोडली असती तर त्या म्हातारीची एकदाणी काय मामाला ठेवली असती? सगळंच उचललं असतं ना!"

बोलणं रांगडं, पण बिनतोड. शेठनी चोरी केली असं धरलं, तरी प्रश्न तोच राहत होता. किल्लीवाल्यानं किंवा कुलूप फोडणाऱ्यानं पाचवी पुरचुंडी का सोडली? तिच्यावर काही नाव लिहिलेलं नव्हतं.

गुणाजीची बायको मालू स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी चालवते, हिशोबाला पक्की, एरवी तोंडाचा पट्टा सुरू. आज तिचं लक्ष कशात नव्हतं. चहाचा कप माझ्यापुढं ठेवताना तिनं हळूच विचारलं, "भाऊ, सगळ्यांचेच डाग खोटे निघाले? शेवंतीकाकूंचा हारपण?"

"हो. तुझी ठुशीपण."

"ठुशीचं जाऊ द्या हो," ती म्हणाली. "पण काकूंचा हार..."

स्वतःच्या ठुशीचं जाऊ द्या म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी खटकायला हवं होतं. पण सुई दिलेल्या दाढेला ठणका कळत नाही. चहा पिऊन मी वर सरस्वतीकडे गेलो.

सरस्वतीनं मला बोलूच दिलं नाही. "विचारायचंय काय त्यात? पेटी हिच्याकडे, खरा डाग हिचा. आमच्या ह्यांची नोकरी गेली, उद्या पोरांना घेऊन टिटवाळ्याला भावाच्या पडवीत जाऊन पडावं लागेल मला. आणि तुम्ही तिकडे पाटावर बसून चहा पिताय!"

"चहा मालूकडे प्यायलो," मी म्हणालो.

चंदू कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. "भाऊ," तो म्हणाला, "बोरमाळ हिच्या आईनं दिलेली. माळ गेली त्याचं हिला दुःख आहे, म्हणून बोलते. राग मानू नका."

सरस्वतीनं झटकन तोंड फिरवलं. ते रडं होतं की दुसरं काही, मला पाठीवरून ओळखता आलं नाही.

४

शनिवारी संध्याकाळी मी पाचही डाग घरी आणले. शेठनी खळखळ न करता दिले. माझ्या घरात चांगला उजेड एकाच जागी, देव्हाऱ्याशी. तिथं फरशीवर पेपर पसरून पाचही ओळीनं मांडले.

पेढीवर ते आमच्यापुढं एकेक करून आले होते. एकत्र असे मी प्रथमच पाहत होतो. आणि ते एका रंगाचे नव्हते.

आमच्याकडे कंपनीचा धूर येतो. त्यानं पितळ हळूहळू काळवंडतं. आधी तांबूस, मग तपकिरी, मग काळं. पेटीत धूर कमी शिरतो, पण शिरतो. सरस्वतीच्या बोरमाळेचे मणी अजून पिवळे होते, फक्त भोकांच्या कडांना तांबूस छटा. मालूच्या ठुशीची मागली बाजू तपकिरी. शेठच्या मोहनमाळेची त्याहून गडद. आमच्या पोहेहाराचं पाणी मागून पार उडालं होतं आणि खालचं पितळ काळं ठिक्कर पडलं होतं. एकदाणी जशीच्या तशी.

चार डाग एका चोरानं एका वेळी बदलले असते, तर ते सारखेच काळवंडले असते. हे चार वेगवेगळ्या वर्षी पितळ झाले होते. आणि ज्या क्रमानं ते काळे होते, त्याच क्रमानं आवडाबाईनं चार हळदी सांगितल्या होत्या.

बाहेर गेला तो डाग खोटा. पेटीतून हलला नाही तो खरा. म्हणजे पेटी निर्दोष होती. पेटी फोडायची कुणाला गरजच नव्हती. डाग ज्याचा त्यानं राजरोस उचलून नेला आणि परत आणलं ते पितळ. पाहणारं कुणी नव्हतं, कारण पाहणं हा माहेरचा अपमान.

नमुने हुबेहूब कसे, त्याचाही उलगडा झाला. असली नक्कल करायला खरा डाग कारागिराच्या हाती काही दिवस द्यावा लागतो. आधी हळद, मग लग्न, मग पाचव्या दिवशी नवरी माहेरी परतते ते पाचपरतावन. आठवडा सहज निघतो.

मी खूश व्हायला हवं होतं. गुंता सुटला होता. पण सुटलेल्या दोऱ्याचं पहिलं टोक माझ्याच घरात येत होतं. त्या टोकाला मी एक पळवाट काढून पाहिली. आमचा हार शेवंतीच्या मागं कुणी बदलला नसेल कशावरून? ती गेल्यावर पुरचुंडी बेवारसच होती.

समोर देव्हाऱ्यात समई होती. पितळेची. शेवंती दर शुक्रवारी ती चिंचेनं लखलखीत करायची. ती गेल्यापासून मी तिला हात लावलेला नाही. दोन वर्षं उघड्या धुरात राहून समई गडद तपकिरी झाली होती. हार तर पेटीत, फडक्यात होता, तरी समईहून काळा. म्हणजे समई काळवंडायला लागली त्याच्या कितीतरी आधीपासून तो पितळेचा होता. शेवंती जिवंत होती तेव्हापासून. आणि कोपरीची ती हळद मी बेकार होतो त्याच नव्वद सालची.

मी पायांत चपला सरकवल्या आणि मालूच्या दाराशी गेलो.

"मालू, नव्वद साली शेवंतीला भिशी लागली होती ना?"

मालूचा हात कडीवरच राहिला.

"काकू भिशीत कधी नव्हत्याच, भाऊ," ती म्हणाली.

५

रविवारी शेठच्या घरी सगळे जमले. आवडाबाई दाराजवळ बसली होती. शेजारी तिनं एक गाठोडं आणलेलं. घर सोडायची तयारी की काय, कुणी विचारलं नाही.

मी चार डाग सतरंजीवर काळे ते पिवळे असे मांडले आणि एकदाणी वेगळी ठेवली. रंगाचं सांगितलं, हळदींचं सांगितलं, पाचव्या पुरचुंडीचं सांगितलं.

सरस्वतीच आधी उसळली. "म्हणजे आम्ही चोर? स्वतःचाच डाग कोण चोरतं? तिनं एकेक करून बदलले असतील! प्रत्येक हळदीनंतर एकेक!"

मुद्दा बिनबुडाचा नव्हता. नुसत्या रंगावरून आवडाबाई सुटत नव्हती. मालूनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तिनं बोलायला हवं होतं, शेठनीही. कुणी बोलणार नाही हे मला दिसत होतं. पहिला दगड ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या हातात द्यायचा, अशी ही रांग होती. आणि रांगेत सगळ्यात पुढं मी होतो.

"पहिला खोटा डाग माझ्या घरचा आहे," मी म्हणालो. "शेवंतीनं केला. मला नोकरी नव्हती तेव्हा तीन हप्ते तिनं खरा हार मोडून भरले. मला सांगितलं भिशी लागली. भिशीत ती नव्हतीच, मालूला विचारा. माझा दाखला देत आलात ना इतकी वर्षं? तो दाखला पितळेचा आहे."

कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मालू रडायलाच लागली. गुणाजीला मागल्या साली अर्धा पगार मिळत होता, पाच महिने. फ्रीजचा हप्ता चुकला तर फ्रीज नेतील, घराचा चुकला तर घर नेतील, म्हणून ठुशी गेली. गुणाजीला त्याचा पत्ताच नव्हता. शेठनी करगोटा चाचपला. मग म्हणाले, "मुलीच्या लग्नात माझे हप्ते थकलेले. चेअरमननंच पेटी उघडा म्हणायचं, म्हणजे काय राहिलं? मोहनमाळ मोडली. किल्ली हरवल्याचं मी बनवून सांगितलं, भाऊ."

"बाकीचे चार खरे आहेत, एक आपला नसला तर काय बिघडतं, असं वाटलं ना?" मी विचारलं.

शेठनी मान डोलावली. मालूनंही. मला तिन्ही ठिकाणचा तो प्रश्न आठवला. चारही? सगळ्यांचेच? चारच्या चार? आपला डाग खोटा निघाला याचं नवल कुणालाच वाटलं नव्हतं.

चंदू सरस्वतीकडे वळला. "तू?"

"ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "तू झोपायचास. मला झोप नव्हती."

खरं म्हणजे पेटीनं तिचं काम चोख केलं होतं. चारही घरं तिनंच राखली. फक्त एकानंही तोंड उघडून मागितलं नाही. मागायची लाज, आणि न मागताच घ्यायची हिंमत. याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. माझ्या धंद्यात त्याला दावा नामंजूर म्हणतात.

"पण आता आमचा हप्ता?" चंदू म्हणाला.

सगळ्यांचे डोळे एकदाणीकडे गेले. ते मला दिसलं, आवडाबाईलाही दिसलं. ती उठली, सतरंजीपर्यंत आली, वाकून तिनं आपली एकदाणी उचलली आणि कमरेला खोचली.

"आजाऱ्याचा वाटा होडी देते," ती म्हणाली. "होडीच भोकाची निघाली, तं मी एकटी कवरा पानी उपसू?"

गाठोडं उचलून ती खाली गेली. तिला थांबवायची हिंमत कुणाच्यात नव्हती.

मग मीच म्हणालो की जो डाग आधी काळा झाला, त्या घरानं आधी भरावं. चंदूचा पहिला हप्ता माझा, दुसरा शेठचा, तिसरा गुणाजीचा. तोवर चंदूला काही ना काही काम मिळेल. मोठ्या मनानं वगैरे नाही. दुसरं कुणाला काही सुचत नव्हतं म्हणून ते ठरलं. नोटीस महिनाभर लांबवून घेण्याचं शेठनी पत्करलं. सरस्वती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली.

६

मी आवडाबाईच्या दाराशी गेलो तेव्हा ती गाठोडं सोडत होती. आत नवऱ्याचे धुतलेले कपडे होते, कुणाला तरी द्यायला काढलेले. घर सोडायची तिची तयारीच नव्हती.

"आवडाबाई, माफी मागायला आलोय."

"क्याची? तुमी कुठं काय बोल्लाव?"

"तेच. काही बोललो नाही त्याची." मग मला राहवलं नाही. "शेवंतीचं तुम्हाला माहीत होतं का?"

ती घड्या उलगडत राहिली. "पुरचुंडी परत आनली तवाच बोल्ली मना. माज्या हातान खोटा डाग ठेवाला तिला लाज वाटली. हाताला धरून बसली व्हती हितंच."

"मग या आठवड्यात सांगितलं का नाहीत? तुमचं घर जात होतं!"

"आज सांगनार व्हते की," ती म्हणाली. "घर जाताना कोन गप बसल? पन तुमीच आदी बोल्लाव, म्हनून ऱ्हायलं."

"ती काय म्हणाली होती?"

आवडाबाई जरा घुटमळली. "बोल्ली, ह्यांना सांगू नका. घर आपुन राखलं असं ह्यांना वाटतंय. वाटू द्या, बोल्ली. लय खूश हायेत."

मी वळलो आणि चार पायऱ्या चढलो. पाचवीवर मला पुढं जाता येईना. जिन्यातच बसलो. खूश होतो मी. खरंच होतो. भिशी लागली म्हणून तिनं सांगितलं त्या दिवशी संध्याकाळी मी पेढे आणले होते, आणि तिनं ते साऱ्या बिल्डिंगला वाटले होते. दोन वर्षं जे कुठं अडलं होतं ते एकदम वर आलं आणि मी लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागलो. लाज वाटेल इतका आवाज होत होता.

खालचं दार उघडलं.

"भाऊ, आत येऊन रडा," आवडाबाई म्हणाली. "जिन्यान बसून रडलाव, तं सरस्वती बोलल म्हातारीनं आता यांना पन काय तरी केलं."